विमान सुटताना पायलट चुकतो कसा? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

९ जून २०२५ला सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं आणि माझ्या संध्याकाळच्या फेरफटक्याला दुप्पट वेळ लागायला लागला. मी मुंबईत वीसेक वर्षं एका विमान कंपनीच्या डिस्पॅच खात्यात होतो. उड्डाणाचा मार्ग, इंधन, वजन, हवामान असे सगळे कागद तयार करून कॅप्टनच्या हातात द्यायचे, हे आमचं काम. मी पायलट नव्हे. हे जुळे सोलापुरात कितीदा सांगितलं तरी बागेतल्या बाकावर ‘पायलटकाका’ हे नाव पडलं ते पडलंच. तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. पुढच्यानं विचारलं की हेच पाठवीन.

काका, रोज तेच काम करणारा माणूस चुकतो कसा?

रोज तेच करतो म्हणूनच. नवशिका घाबरून दहादा बघतो. सरावलेल्याचे हात आपोआप चालतात, आणि आपोआप चालणाऱ्या हातांना मध्येच कुणी थांबवलं की घोटाळा होतो.

माझे मामा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात जेकार्ड मागावर चादरी विणायचे. चादरीवरचा मोर कसा उमटायचा, तर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकापुढे एक ओवून त्यांची साखळी करायची. एकेक कार्ड पुढं सरकलं की कोणते धागे उचलायचे हे मागाला कळायचं. एकदा साखळी दुरुस्त करताना मामांना कुणी चहाला हाक मारली. परत येऊन त्यांनी काम पुढं चालू केलं, पण दोन कार्डं सोडून. धागा तुटला नाही, माग थांबला नाही. संध्याकाळी घडी घालताना दिसलं की मोराला मानच नाही! गंमत म्हणजे मामा शेवटपर्यंत शपथेवर सांगत होते की ती कार्डं मी ओवली होती. खोटं बोलत नव्हते ते. हजार वेळा ओवलेल्या कार्डांची आठवण त्यांच्या डोक्यात होती, ती आजचीच वाटली.

कॉकपिटमध्ये अगदी हेच होतं. विमान सुटण्याआधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत कॅप्टन कॉम्प्युटरमध्ये मार्ग भरत असतो. तेवढ्यात इंजिनिअर लॉगबुकवर सही मागतो, लोडशीट (वजनाचा कागद) येते, केबिन क्रू सांगतात की एक प्रवासी आलेला नाही, इंधनवाला आकडा विचारतो, रेडिओवर टॉवर क्लिअरन्स, म्हणजे जायची परवानगी, वाचायला लागतो. यातलं एकही काम फालतू नाही, सगळी कामाचीच माणसं. पण प्रत्येक वेळी बोट मध्येच थांबतं. परत आल्यावर ‘हे राहिलं’ असं डोकं सांगत नाही. ‘हे झालं’ असंच सांगतं.

माझ्या हातूनही झालंय. फोन वाजला, मी वळलो, परत येऊन सही केली आणि कागदावर मागच्या फेरीच्या सामानाचं वजन तसंच राहिलं. कॅप्टननं दोन कागद शेजारी धरले म्हणून पकडलं. त्यांनी मला काही बोलायच्या ऐवजी फक्त आकड्याखाली रेघ मारली. ती रेघ मला अजून आठवते.

मग कॉकपिटमध्ये गप्पा मारायला बंदी असते का?

असते, पण सगळा वेळ नाही. विमान जमिनीवर टॅक्सी करत (चाकांवर चालत) असताना, उडताना, उतरताना आणि १०,००० फुटांच्या खाली असताना कामाशिवाय बोलायचं नाही. याला ‘स्टराइल कॉकपिट’ म्हणतात. दवाखान्यातलं ऑपरेशन थिएटर जसं निर्जंतुक, तसं हे बोलण्याच्या बाबतीत. वर, सरळ उड्डाणात, मुलांच्या शाळेबद्दल बोलले तरी चालतं. उलट बोललेलं बरं, माणूस पेंगत नाही.

हा नियम अमेरिकेनं १९८१ला केला. त्यामागं ११ सप्टेंबर १९७४चा शार्लटचा अपघात होता. धुक्यात उतरताना दोघं पायलट राजकारण आणि जुन्या मोटारींच्या गप्पांत होते. उंचीकडं लक्ष राहिलं नाही आणि विमान धावपट्टीच्या आधीच जमिनीवर आपटलं. आपल्याकडच्या कंपन्याही हाच नियम पाळतात.

खाण्यापिण्याचंही विचारता म्हणून सांगतो. २०२३च्या होळीला एका भारतीय विमानाच्या पायलटनी गुजिया, म्हणजे आपली करंजी, खाताना कॉफीचा कप थेट इंजिनाच्या कळांमधल्या जागेवर ठेवला. फोटो फिरला आणि दोघांनाही ड्युटीवरून बसवलं. विमान तेव्हा वर सरळ उडत होतं, पण कॉफी सांडली असती तर तिला उंची कळत नाही.

एवढी मोठी धावपट्टी चुकते? काहीतरी काय सांगता!

हा प्रश्न विचारताना सगळेच हसतात. २७ ऑगस्ट २००६, अमेरिकेत केंटकीतलं लेक्सिंग्टन. पहाटे सहाची वेळ, अजून अंधार. ५० माणसांचं छोटं जेट. परवानगी होती २२ क्रमांकाच्या धावपट्टीची, सुमारे ७,००० फूट लांब. विमान वळलं २६ क्रमांकाच्या धावपट्टीवर. ती जेमतेम ३,५०० फूट, छोट्या विमानांसाठीची. विमान वेग घेईपर्यंत धावपट्टी संपली. ४९ गेले, सहवैमानिक तेवढा वाचला.

तपासात निघालेल्या गोष्टी वाचल्या की अंगावर येतं, कारण एकही गोष्ट मोठी नाही. त्या सकाळी दोघं आधी भलत्याच विमानात जाऊन बसले होते. विमानतळावर काम चालू असल्यानं टॅक्सीचा रस्ता आठवड्यापूर्वीच बदलला होता. टॅक्सी करताना थोडा वेळ इतर पायलट आणि नोकरीबद्दल बोलणं झालं. टॉवरमध्ये एकच माणूस होता, तो दुसऱ्या कामाकडं वळला होता. आणि त्या चुकीच्या धावपट्टीचे दिवे बंद होते. वेग घेताना एकानं तसा शेराही मारला, की दिवे नाहीत, विचित्रच आहे. दुसऱ्यानं हो म्हटलं. दोघांनाही दिसलं, दोघंही बोलले, पण कुणी थांबवलं नाही. समोरच्या होकायंत्रावर २२०च्या ऐवजी २६० अंश दिसत होते.

(धावपट्टीचे आकडे म्हणजे दिशाच. शेवटचं शून्य गाळलेलं. मुंबईची ०९ म्हणजे ९० अंश, पूर्व. त्याच पट्टीचं दुसरं टोक २७, म्हणजे पश्चिम. मुंबईत १४-३२ अशी दुसरी पट्टी तिला छेदून जाते.)

दुसरं उदाहरण तैपेईचं, ३१ ऑक्टोबर २०००. वादळी पावसात एक जम्बो डाव्या पट्टीऐवजी समांतर असलेल्या उजव्या पट्टीवर गेलं. ती दुरुस्तीसाठी बंद होती आणि वर बांधकामाची यंत्रं उभी होती. ८३ माणसं गेली.

यानंतर सवय बदलली. आता धावपट्टीवर वळताना दोघंही पाटीवरचा आकडा मोठ्यानं वाचतात, होकायंत्राशी पडताळतात आणि मगच थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचे दांडे, पुढं जातात.

आमच्या सोलापुरात एकच धावपट्टी आहे. इथं काय चुकणार?

पट्टी चुकायची नाही, मान्य. पण एका पट्टीला टोकं दोन असतात. वाऱ्याच्या तोंडावर उडायचं असतं. वारा फिरला की टॉवर ऐनवेळी दुसरं टोक देतो आणि मग वेग, वळण, चढण सगळंच नव्यानं भरावं लागतं. तेही चालत्या विमानात.

सोलापूरचा खरा प्रश्न उन्हाळा. मे महिन्यात दुपारी ४३-४४ अंश. तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला जोर कमी मिळतो. म्हणून त्या दिवसाचं तापमान कॉम्प्युटरला खरं सांगावं लागतं. त्यावरून तो ठरवतो की किती जोर लावायचा.

खोटं सांगितलं तर काय होतं? २१ जुलै २०१७, उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट. बोइंग ७३७, आत १८५ माणसं. बाहेर १६ अंश तापमान. कॉम्प्युटरमध्ये भरलं गेलं उणे ५२! तो आकडा वर, उंचावरच्या हवेचा. रकाना मात्र जमिनीवरच्या हवेचा. कॉम्प्युटरला वाटलं, एवढी थंड, दाट हवा आहे तर कशाला जास्त जोर लावा. विमान रखडत रखडत पट्टीच्या अगदी शेवटी उचललं आणि पुढच्या मार्गदर्शक दिव्याला चाक लागलं. तो दिवा होता जेमतेम ३६ सेंटिमीटर उंच. म्हणजे आपल्या घरातल्या पाण्याच्या कळशीएवढा. कुणाला खरचटलंही नाही.

आपल्या विमानतळावर मेच्या दुपारी कुणी उणे ५२ भरलं तर पाहणारा हसेल. बेलफास्टमध्येही पाहिलं असतं तर हसूच आलं असतं. पाहिलं नाही, एवढंच.

असाच वजनाचा किस्सा मेलबर्नचा, २० मार्च २००९. ३६२.९ टनांच्या जागी २६२.९ टन. एक आकडा. विमानाची शेपटी धावपट्टीवर घासत गेली, पण ते कसंबसं उडालं आणि परत सुखरूप उतरलं.

एकदा उडालं की कॉम्प्युटरच नेतो ना? मग रस्ता कसा चुकतो?

कॉम्प्युटर नेतो, पण आपण कुठून निघालो हे त्याला आधी सांगावं लागतं. रिक्षावाल्याला सोलापुरातल्या सात रस्ता चौकात बसून ‘इथून स्टेशनला’ म्हणायचं, आणि त्याच्या मनात ‘इथून’ म्हणजे अक्कलकोट.

१० मार्च २०१५ला सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एअरबस ए३३०चं असंच झालं. त्या दिवशी कॅप्टनला कान झाकायचं साधन मिळालं नाही. म्हणून बाहेर विमानाभोवती फेरी मारायचं त्यांचं काम सहवैमानिकाकडं गेलं, आणि सहवैमानिकाचं कॉकपिटमधलं काम कॅप्टनकडं आलं. कामांची अदलाबदल झाली. गेटवरच्या पाटीवरून रेखांश भरायचे होते. पाटीवर होतं:

१५१०९.८ पूर्व

भरलं गेलं:

०१५१९.८ पूर्व

हे दोन आकडे पुन्हा एकदा वाचा. पहिला म्हणजे १५१ अंश ९.८ मिनिटं, सिडनी. दुसरा म्हणजे १५ अंश १९.८ मिनिटं, आफ्रिकेच्या टोकाला केप टाउनच्या पश्चिमेचा समुद्र. फरक ११,००० किलोमीटरहून जास्त. आपल्याकडं सोलापूर साधारण ७५ अंश ५४ मिनिटांवर आहे. ७ आणि ५ची उलटापालट करून ५७ अंश लिहिलं तर आपण ओमानच्या किनाऱ्यापुढं अरबी समुद्रात.

विमानानं इशारे दिले होते. स्क्रीनवर संदेश आले, घंटी वाजली, पण निघायच्या गडबडीत त्यांचा अर्थ लागला नाही. उडाल्यावर ऑटोपायलट लावला तशी विमानानं भलत्याच दिशेला मान वळवली आणि शेजारच्या समांतर पट्टीचा उड्डाणमार्ग ओलांडला. मग एकेक यंत्रणा बावचळत गेली. सिडनीत ढग खाली आले होते म्हणून शेवटी मेलबर्नला उतरवलं. सगळे सुखरूप.

सगळेच एवढे नशीबवान नव्हते. ३१ ऑगस्ट १९८३ला अलास्कातल्या अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन जम्बो उडाल्यापासूनच हळूहळू उजवीकडं सरकत गेलं. ऑटोपायलट ठरलेला मार्ग धरण्याऐवजी नुसत्या दिशेवर चालत राहिला आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सुरुवातीला फरक थोडा होता. काही तासांत तो शेकडो किलोमीटर झाला आणि विमान सोव्हिएत हद्दीत शिरलं. त्यांच्या लढाऊ विमानानं ते पाडलं. २६९ माणसं. त्यानंतरच अमेरिकेनं जीपीएस सामान्यांसाठी खुलं करायचं जाहीर केलं. आज तुमच्या मोबाइलमधला नकाशा ज्या जीपीएसवर चालतो, तेच ते.

निघताना झालेली चूक लगेच दिसत नाही, हा तिचा स्वभाव. मोराची मान घडी घालतानाच दिसते.

चूक झाली तर भोंगा वाजतो ना?

वाजतो. वाजायला पाहिजे. १६ ऑगस्ट १९८७, डेट्रॉइट. पंखांमागचे फ्लॅप खाली केले की कमी वेगातही उचल मिळते. ते न करताच एमडी-८२ जातीचं जेट निघालं. टॅक्सी करताना धावपट्टी बदलली, दोघं नव्या पट्टीचे आकडे शोधण्यात गुंतले, एक वळणही चुकलं, आणि टॅक्सीची चेकलिस्ट वाचायची राहून गेली. इशारा देणाऱ्या यंत्रणेला वीजच मिळत नव्हती, त्यामुळं ती गप्प. विमानातली एक चार वर्षांची मुलगी वाचली, बाकी १५४ जण आणि जमिनीवरचे दोघं गेले.

एकवीस वर्षांनी, २० ऑगस्ट २००८ला माद्रिदमध्ये त्याच जातीच्या विमानाचं जवळजवळ तेच झालं. एका बिघाडासाठी विमान गेटवर परत आलं, उशीर झाला, सगळे घाईत. फ्लॅप राहिले, भोंगा वाजलाच नाही. १५४ गेले. याला मी नुसतं दुर्दैव म्हणणार नाही. एकदा झालेली गोष्ट पुन्हा तशीच होते तेव्हा दोष त्या दोन माणसांच्या पलीकडंही असतो.

मग चेकलिस्ट कशाला? त्यांना तर पाठच असेल.

पाठ असतं म्हणूनच कागदावरून वाचतात. ३० ऑक्टोबर १९३५ला बोइंगचं एक मोठं नवं बॉम्बर चाचणीत कोसळलं. वाऱ्यानं शेपटीचे हलते भाग हलू नयेत म्हणून जमिनीवर लावायचं कुलूप काढायचं राहिलं होतं. चालवणारे त्या काळचे नावाजलेले पायलट. तेव्हापासून ही यादी आली.

मध्येच अडथळा आला तर चांगले पायलट मधून वाचत नाहीत, पहिल्या ओळीपासून सुरू करतात. गड्ड्याच्या यात्रेत नाणी मोजताना कुणी हाक मारली तर दुकानदार पुन्हा एकपासून मोजतो, तसं. ‘कुठवर आलो होतो?’ असं एकमेकांना विचारत नाहीत. त्याचं उत्तर दोघांकडं असतं आणि ते खोटं असू शकतं.

हवाई सुंदरीला काही विचित्र दिसलं तर? तिनंही गप्प बसायचं?

मुळीच नाही. नियम फालतू बोलण्यावर आहे, सुरक्षेच्या बोलण्यावर नाही. १० मार्च १९८९ला कॅनडात ड्रायडनला हिमवर्षावात विमान निघालं. पंखांवर बर्फ साचलेला केबिन क्रूनं पाहिला, प्रवाशांत बसलेल्या पायलटनीही पाहिला. पण कॉकपिटला कुणी सांगितलं नाही. पायलटना माहीत असेलच, असं सगळ्यांना वाटलं. २४ गेले. तुम्हालाही पंखावर, इंजिनाकडं काही दिसलं तर संकोच न करता क्रूला सांगा. पाणी हवं असेल तर मात्र पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत थांबा.

हे गोव्याचं पंख्याचं विमान लहान आहे म्हणून जास्त धोका?

नाही. एटीआर ७२-६००मध्येही दोन पायलट, तसाच कॉम्प्युटर, तीच चेकलिस्ट. फरक असा की गोव्याचं अंतर साधारण तासाभराचं. लांबच्या उड्डाणाला एकदा करायचं काम यांना दिवसातून कितीतरी वेळा करावं लागतं. माझ्या मते त्यांना आपण जास्त मान दिला पाहिजे, कमी नव्हे.

विमानतळाजवळची ती सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी खरंच विमानांच्या आड येत होती का?

हा प्रश्न विचारला की बाकावर दोन पक्ष पडतात. मी राजकारणात पडत नाही. चिमणी १५ जून २०२३ला पाडली गेली. तांत्रिक बाजू एवढीच, की उडताना एक इंजिन बंद पडलं तरी समोरच्या उंच वस्तूवरून विमान सुरक्षित गेलं पाहिजे, हा हिशोब प्रत्येक धावपट्टीसाठी करावा लागतो. वाट सोडून थोडं सरकलेलं विमानही त्या हिशोबात धरतात.

आमच्या मोबाइलमुळं रस्ता चुकतो म्हणे?

तुमच्या एकट्याच्या फोननं विमान गोव्याऐवजी हैदराबादला जाणार नाही. पण पायलटच्या हेडफोनमध्ये अधूनमधून टर्रटर्र येते आणि नेमकं त्याच क्षणी टॉवर काही आकडा सांगत असतो. तेवढ्यासाठी बंद करा.

अहमदाबादचा अपघात अशाच दुर्लक्षानं झाला का?

प्राथमिक अहवाल जुलै २०२५मध्ये आला. त्यात उडाल्यावर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे. तेवढ्यावरून मी कुणाचं मन वाचणार नाही. बाकावरच्या मंडळींनीही वाचू नये.

चूक कबूल केली तर पायलटची नोकरी जाते का?

मुद्दाम केली नसेल आणि स्वतःहून सांगितलं असेल, तर सहसा नाही, आणि जायलाही नको. अमेरिकेत १९७६पासून नासा अशा कबुल्या गोळा करते, नाव गाळून. आज मी चुकीचा आकडा भरला, सहकाऱ्यानं पकडला, अशा हजारो नोंदी. शिक्षेच्या भीतीनं लपवलेली चूक पुढच्या माणसाची वाट बघत बसते.

चढताना दारात पायलट दिसला तर बोलू का?

नमस्कार करा आणि जागेवर बसा. तो तेव्हा कुठल्यातरी आकड्याच्या मधोमध असतो. गोव्याला उतरल्यावर खुशाल बोला. शेंगाची चटणी दिली तर घेतात. मी दिलेली आहे.